ॲप नंतर, आधी रोकडवही

'ताई, मी कऱ्हाड तालुक्यातल्या एका गावचा. वय २७, हिंजवडीत नोकरी, महिन्यातून दोनदा गावी जातो. मी आणि माझ्या दोन मित्रांनी मिळून गावासाठी तक्रारींचं ॲप बनवलं. फोटो काढायचा, चार शब्द लिहायचे, तक्रार नकाशावर दिसते. सुरुवातीला पोरांनी तुंबलेल्या गटारीचे, बंद दिव्यांचे फोटो टाकले. मग सगळं थंड पडलं. ग्रामपंचायतीच्या भाऊसाहेबांना, म्हणजे ग्रामसेवकांना, लॉगिन दिलं होतं, त्यांनी ते उघडलंच नाही. सरपंच पारावर सगळ्यांसमोर म्हणाले, "पुढच्या निवडणुकीची तयारी चाललीय वाटतं." तेव्हापासून अण्णा माझ्यावर नाराज आहेत. भावकीत वाकडं घेऊ नकोस, नोकरी बघ, म्हणतात. आई काही बोलत नाही, पण तिच्या बचत गटातल्या बायका विचारत असतात, पोराचं ते काय झालं म्हणून. मला मनापासून काहीतरी करायचंय. ॲप सुधारू का? की गावचा नाद सोडून पुण्यातच, जिथे राहतो तिथे, काही करू?'

ॲप सध्या बाजूला ठेव. पुसून टाकू नकोस, त्यातला नकाशाचा भाग पुढे कामाला येईल. गावचा नाद मात्र सोडू नकोस. पोरांनी फोटो टाकले आणि बचत गटातल्या बायका अजून विचारतायत, या तुझ्या दोन ओळी वाचून मला बरं वाटलं. लोकांना रस आहे. तो कुठे अडला एवढंच बघायचंय.

गटार तुंबली ही तक्रार कोणीही करतं, आणि तक्रार करणाऱ्याला 'बघतो' म्हणून वाटेला लावणंही सोपं असतं. पण त्याच गटारीसाठी गेल्या वर्षी आराखड्यात किती रक्कम धरली, काम कुणाला दिलं, मोजमाप किती लिहिलं आणि बिल कोणत्या तारखेला निघालं, हे ज्याला माहीत आहे त्याच्याशी असं बोलता येत नाही. तू गावाला तक्रार मांडायची सोय दिलीस. हिशोब मात्र गावाने अजून पाहिलेला नाही. माझं म्हणणं आहे की आधी हिशोब उघडा व्हावा, आणि तो चावडीवर, लोकांच्या भाषेत, मोठ्याने वाचला जावा. कोड लिहिणाऱ्याची खरी गरज तिथे आहे.

भाऊसाहेबांनी लॉगिन उघडलं नाही याचा राग धरू नकोस. त्यांच्याकडे बहुतेक एकापेक्षा जास्त गावांचा कारभार असेल. जिल्हा परिषदेची, राज्याची, केंद्राची संकेतस्थळं भरता भरता त्यांचा दिवस संपतो. त्यात तुझं आणखी एक आलं, आणि त्याला उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक नव्हतं. इंग्लंडमध्ये मायसोसायटी नावाच्या संस्थेने २००७ मध्ये 'फिक्समायस्ट्रीट' सुरू केलं. नकाशावर खड्डा दाखवायचा, तक्रार लिहायची. तुझ्या ॲपसारखंच दिसतं, पण तक्रार थेट त्या भागाच्या कौन्सिलकडे जायची, तिच्या नेहमीच्या टपालात. अधिकाऱ्याला नवं काही शिकायचं नव्हतं. २०१८ च्या महापुरात केरळमध्ये स्वयंसेवक प्रोग्रामरांनी 'केरळरेस्क्यू' हे संकेतस्थळ बघता बघता उभं केलं. तेही चाललं, कारण राज्याचं आयटी मिशन त्यांच्यासोबत होतं आणि आलेली हाक बचाव पथकापर्यंत नेणारी यंत्रणा पलीकडे होती. तुझ्या नकाशावरची तक्रार मात्र तुझ्या सर्व्हरवर येऊन थांबत होती.

आता हिशोबाकडे येते. या देशात सरकारी कागद लोकांसमोर वाचायची रीत पाडली ती राजस्थानातल्या मजुरांनी. मजदूर किसान शक्ती संघटनेने २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावात पहिली जनसुनवाई घेतली. सरकारी कामांची मस्टर आणि बिलं मिळवली होती, ती गावकऱ्यांसमोर वाचली गेली. ज्यांनी कधी त्या कामावर पाऊल टाकलं नाही, त्यांच्या नावावर मजुरी उचललेली निघाली. वाचणारा वाचत होता आणि ज्याचं नाव होतं तो समोर बसलेला होता, ही त्या पद्धतीची ताकद. पुढे १९९६ मध्ये ब्यावरला चाळीस दिवसांचं धरणं झालं. 'हमारा पैसा, हमारा हिसाब' ही घोषणा त्याच लढ्यातली. राजस्थानचा माहिती अधिकार कायदा २००० मध्ये झाला, आपल्या महाराष्ट्राचा २००२ चा, आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून देशाचा कायदा लागू झाला. त्याच राजस्थानात १३ सप्टेंबर २०१९ रोजी जन सूचना पोर्टल आलं. रेशन, पेन्शन, पंचायतीची कामं, सगळं गावनिहाय, अर्ज न करता बघता येतं. कार्यकर्ते, सरकारी अधिकारी आणि संगणकवाले यांनी एकत्र बसून ते घडवलं. पंचवीस वर्षं लोक कागद मागत होते, म्हणून कोणता कागद दाखवायचा हे सांगायला माणसं तयार होती. तुझ्या गावात ही पहिली पायरी व्हायची आहे. म्हणून ॲप थांबव म्हणते.

माहिती अधिकार म्हणजे अर्ज, एवढंच आपल्या डोक्यात बसलंय. कायद्याचं कलम ४ काढून वाच. प्रत्येक सार्वजनिक कार्यालयाने सतरा बाबी आपणहून जाहीर करायच्या आहेत, त्यात अंदाजपत्रक आणि खर्चही येतो. त्याच कलमात असंही म्हटलंय की माहिती देताना खर्च कमी यावा, स्थानिक भाषा वापरावी आणि त्या भागात जी पद्धत सर्वांत परिणामकारक असेल ती वापरावी. बहुतेक ग्रामपंचायतींत याच्या नावाने एक जुनाट फलक असतो. तू आणि तुझे मित्र हे कलम पाळायला ग्रामपंचायतीला मदत करताय, असं म्हणत आत गेलात तर बोलण्याचा सूरच बदलेल.

सुरुवात घरबसल्या कर. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाचं ई-ग्रामस्वराज हे संकेतस्थळ २४ एप्रिल २०२० पासून सुरू आहे. राज्य, जिल्हा, तालुका निवडत गेलास की तुझ्या ग्रामपंचायतीचा मंजूर आराखडा आणि जमाखर्च दिसतो. आराखडा म्हणजे आपल्याकडचा 'आमचं गाव, आमचा विकास'. पंधराव्या वित्त आयोगाचा, म्हणजे केंद्राकडून ग्रामपंचायतीला आलेला पैसा समजून घे. २०२१-२२ पासूनच्या वाटपात ६० टक्के निधी बंधित होता: त्यातला अर्धा पिण्याच्या पाण्यासाठी, अर्धा स्वच्छतेसाठी, सांडपाणीही त्यातच. उरलेला ४० टक्के अबंधित. तुझ्या ॲपवर आलेली गटार बंधितातून होण्यासारखी आहे, दिव्याचा खांब अबंधितातून. या एका फरकामुळे तक्रार करणाऱ्याला कुठल्या खात्यावर बोट ठेवायचं ते कळतं. दोन्हींची वेगळी यादी कर, कामाचं नाव, वर्ष, धरलेली रक्कम, झालेला खर्च, बस्स. चार रकाने.

मग भाऊसाहेबांना भेट. फोन करून जा, गर्दीच्या दिवशी नको. यादी समोर ठेव आणि विचार की यातलं कोणतं काम कुठे झालं हे जुळवायला मदत कराल का. बरेच अधिकारी सांगतात. काही सांगत नाहीत, तेव्हा अर्ज कर. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून साध्या कागदावर. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तोही लागत नाही. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर साधारण दीडशे शब्दांत बसवायचा. अर्जात 'का' हा शब्द येऊ देऊ नकोस. 'गटारीचं काम निकृष्ट का झालं' याला उत्तर मिळत नाही, कारण कायदा कार्यालयात असलेला कागद देतो, खुलासा लिहून देत नाही. असं लिही: 'सन २०२४-२५ मध्ये वॉर्ड क्र. २ मधील भूमिगत गटार कामाचे अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पाने, देयकाचे व्हाउचर, रोकडवहीतील त्या नोंदीचे पान आणि काम पूर्णत्वाचा दाखला यांच्या प्रती मिळाव्यात.' प्रत दोन रुपये पानाप्रमाणे मिळते. कागद खूप असतील तर प्रती मागण्याआधी पाहणीचा अर्ज कर, बसून बघ आणि हवी तीच पानं माग. माहिती संगणकावर असेल तर ती फाइलच्या रूपात मागायचाही हक्क आहे. याच कायद्याने बांधकामाच्या साहित्याचा प्रमाणित नमुनाही मागता येतो, हे फार थोड्या लोकांना ठाऊक असतं.

इथून पुढे तुझं शिक्षण कामाला येतं. हातात आलेले अर्धे कागद स्कॅन केलेले असतील. उरलेल्यांतले काही जुन्या फॉन्टात टाइप केलेले. श्रीलिपी किंवा कृतिदेवमधली फाइल तुझ्या लॅपटॉपवर उघडलीस की 'ग्रामपंचायत' या शब्दाच्या जागी रोमन अक्षरं, अर्धविराम आणि कंस दिसतील. ती युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर नीट वाचता येईल अशा रूपात, आणायची साधनं आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात, डोळ्यांनी तपासावं लागतं. मग नावांची गंमत. तुझ्याच तालुक्याचं नाव घे. एका नोंदीत कराड, दुसरीत कऱ्हाड. आणि कऱ्हाडमधला तो अर्धा 'र' दोन तऱ्हांनी टाइप होतो. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे, संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. वस्त्यांचं तर विचारूच नकोस: चव्हाणमळा, चव्हाण मळा, चव्हाण वस्ती, आणि कुणीतरी घाईत लिहिलेला चव्हानमळा. तारखा कुठे मराठी आकड्यांत, कुठे इंग्रजी. हे सगळं एकसारखं केल्याशिवाय एकाच गटारीवर दोनदा पैसे पडले की ती दोन वेगळी कामं होती, हे यंत्राला कळणार नाही. हे नीट करायला मराठी वाचणारा प्रोग्रामर लागतो, आणि असं काम करणारे फार थोडे आहेत. तुझा छोटासा रूपांतराचा कोड मुक्त परवान्याने उघड्यावर ठेवलास तर जतपासून चोपड्यापर्यंतच्या कुणालाही तो वापरता येईल. तुझ्या तक्रार-ॲपपेक्षा मला त्याचं मोल जास्त वाटतं.

या कामात तू एकटा नाहीस. डेटामीट नावाचा गट २०११ पासून देशभर खुल्या माहितीवर काम करतो, पुण्यातही त्यांची माणसं आहेत. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर कोणालाही आपल्या गावच्या वाड्या, पाणंदी, हातपंप, शाळा मराठी नावांसह घालता येतात. तुझ्या ॲपच्या नकाशाचं काम तिकडे वळव, म्हणजे ते तुझ्या नोकरीवर आणि सर्व्हरच्या भाड्यावर अवलंबून राहणार नाही.

पण हे सगळं झाल्यावर पुन्हा पडद्यावरच नेऊन ठेवू नकोस. एक मोठा कागद छाप. ठळक अक्षरात कामाचं नाव, ठिकाण, मंजूर रक्कम, दिलेली रक्कम, तारीख. ग्रामपंचायतीच्या फलकावर, दूध डेअरीत, रेशन दुकानाजवळ लाव. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ग्रामसभेत वाचून दाखव.

ग्रामसभेचे डावपेचही माहीत हवेत. वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, एरवी त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास होतात. कोरम एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, जे कमी असेल ते. माणसं जमली नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरमची अट नसते. मग चार डोकी बसून ठराव करतात. तुझा विषय 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय' या शेवटच्या ओळीवर सोडू नकोस, तोवर लोक उठून गेलेले असतात. नोटीस निघण्याआधी लेखी अर्ज देऊन 'मागील वर्षातील कामांचा जमाखर्च वाचन' हा विषय अजेंड्यावर घ्यायला लाव. आणि सभेनंतर इतिवृत्तात तो जसा झाला तसा लिहिला गेला का, ते बघ.

आता आईबद्दल. ती काही बोलत नाही म्हणतोस, पण तुझ्या पत्रातलं सर्वांत वजनदार माणूस मला तीच दिसते. प्रत्येक ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घेणं महाराष्ट्रात बंधनकारक आहे. बहुतेक गावांत ती कागदावर होते, सह्या घरोघरी फिरून घेतल्या जातात. बचत गटातल्या बायकांना हिशोब कळत नाही असं चुकूनही समजू नकोस. दर महिन्याला त्या वही काढून बसतात, कुणाचा हप्ता राहिला, व्याज किती, पै-पैचा मेळ घालतात. गावचा जमाखर्च वाचायला यांच्याइतकी तयार माणसं तुला मिळायची नाहीत. आईला विचार, गटाच्या बैठकीला मी अर्धा तास येऊ का म्हणून. जाताना लॅपटॉप नेऊ नकोस, तो चार रकान्यांचा कागद ने. त्यांना कोणत्या कामाचा हिशोब आधी बघायचाय ते त्यांना ठरवू दे. त्या पाण्याची टाकी म्हणतील, अंगणवाडीचं स्वच्छतागृह म्हणतील. तू गटार घेऊन बसला होतास कारण ती तुझ्या येण्याजाण्याच्या वाटेवर आहे.

सरपंचांचं बोलणं मनाला लावून घेऊ नकोस. आपल्याकडे चावडीवर प्रश्न विचारणारा माणूस उमेदवारच असतो, असा अनुभव त्यांना आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका ग्रामसभेला मी बसले होते तिथलं सांगते. काँक्रीटच्या रस्त्यावरून गावात कुजबुज होती की मंजूर रकमेतला मोठा हिस्सा सरपंचांनी खाल्ला. कृषी पदवी घेतलेल्या एका मुलीने कागद मिळवले आणि बिल ओळीने वाचलं. लोकांनी टेप लावून रस्ता मोजला, लांबी-रुंदी बरोबर निघाली. उरलेली रक्कम गेली कुठे, तर तिनं वाचलं: जीएसटी, कामगार कल्याणाचा उपकर, गौण खनिजाची रॉयल्टी, ठेकेदाराची सुरक्षा अनामत. त्या कपाती गावाने पहिल्यांदा ऐकल्या. सरपंचांनी तिथेच तिला पुढच्या वर्षीचा हिशोबही वाचायला सांगितलं. उघड्या कागदाने प्रामाणिक माणसाचं नाव निघतं, हे सरपंचांना तू एकांतात जाऊन सांग. पारावर नको. यादी छापण्याआधी त्यांना आणि भाऊसाहेबांना दाखव, चूक असेल तर आठ दिवसांत सांगा म्हण. आणि पुढची ग्रामपंचायत निवडणूक मी लढवणार नाही हे मनाशी ठरलं असेल, तर तेही सरळ सांगून टाक. ठरलं नसेल तर मात्र खोटं बोलू नकोस. निवडणूक लढवणं हा काही गुन्हा नाही, पण मग हिशोब वाचणारं माणूस दुसरं असू दे.

अण्णांची भीती मी हसण्यावारी नेणार नाही, तूही नेऊ नकोस. महाराष्ट्रात माहिती मागणाऱ्यांवर हल्ले झालेत. जमीन व्यवहारांतले गैरप्रकार उघडे करणारे तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी यांची जानेवारी २०१० मध्ये भर रस्त्यात हत्या झाली. गटारीचं बिल आणि जमिनीचे कोट्यवधींचे व्यवहार यांत अंतर आहे, पण काळजी दोन्हीकडे सारखीच घ्यायची. एकट्याच्या नावावर सगळे अर्ज नकोत. वेगवेगळ्या वस्त्यांतल्या, वेगवेगळ्या भावकीतल्या चार-पाच जणांनी एकेक अर्ज करावा. आलेल्या प्रत्येक कागदाची प्रत तुझ्याशिवाय आणखी दोघांकडे असावी. वाळूचा, जमिनीचा, मोठ्या ठेक्याचा विषय समोर आला तर तो गावात बसून एकट्याने उकरू नकोस, तालुक्याच्या पातळीवर काम करणाऱ्या अनुभवी कार्यकर्त्यांना सोबत घे. अण्णांना हे सगळं समजावून सांग, आणि पहिल्या वर्षी फक्त झालेल्या कामांची यादी वाचणार, आरोप कुणावर करणार नाही, असा शब्द दे. तो पाळ. यादी वाचून झाल्यावर गाव स्वतः काय म्हणायचं ते म्हणेल.

एका बाबतीत फार जप. सगळंच उघडं करायचं नसतं. निराधार योजनेतल्या विधवेचं नाव, कुणाच्या अपंगत्वाची टक्केवारी, बँक खातं, आधार, मोबाइल नंबर, घरपट्टी थकलेल्या गरिबाची उधारी, यातलं काहीही तुझ्या कागदावर येता कामा नये. नमुना ८ चा, म्हणजे घरपट्टी आकारणीचा, उतारा हातात आला म्हणून त्यातल्या प्रत्येक घराची माहिती नकाशावर टाकायची नाही. पोरासोरांना असं करायची हौस असते, तू आवर घाल. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं कलम ८(१)(ञ) बदललंय. आधी खासगी माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, हे बघावं लागायचं. बदलात ती अट काढून टाकली. मला हा बदल मान्य नाही, कारण मस्टरवरची खोटी नावं पकडायची तर नावं दिसावी लागतात, आणि उद्या 'वैयक्तिक' म्हणून तीच झाकली जातील. व्यापक जनहित असेल तर माहिती देता येते हे कलम ८(२) अजून शाबूत आहे, नकार आला तर अपिलात त्याचा आधार घे. पण सत्तेचा हिशोब मागणं आणि गरिबाचं घर उघड्यावर टाकणं यातला फरक आपला आपण पाळायचा, कायदा काहीही म्हणो.

पुण्याचं विचारलंस. तिथेही कर, पण हलक्या हाताने. पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं सुचवून घेतात, क्षेत्रीय कार्यालयात अर्ज मिळतो. सुचवलेल्या कामाचं पुढे काय झालं याचा पाठपुरावा करणारे कमी, तुझ्यासारख्याला तिथे वाव आहे. शिवाय दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि महापालिका-नगरपालिकांत जाऊन नोंदी बघायची सोय ठेवली होती, अर्जसुद्धा लागत नसे. राज्याने २०१८ मध्ये तसा आदेश काढला, आणि ही प्रथा आधी पुणे महापालिकेनेच पाडली होती. ती सोय अजून चालू आहे का ते आधी विचार, असेल तर एखाद्या सोमवारी अर्धी रजा टाकून जाऊन ये. सरकारी फाइल आतून कशी असते, टिपणी कुठे, मंजुरी कुठे, हे डोळ्यांखालून गेलं की गावच्या कागदांतलं निम्मं आपोआप कळतं. दोन्हीकडे मोठा पसारा मांडू नकोस, माझं मत विचारशील तर गाव निवड. पुण्यात तुझ्यासारखे पुष्कळ आहेत, तुझ्या गावात तू आणि तुझे दोन मित्र.

अर्ज करण्याआधी आणखी एक कर: तुझं नियुक्तीपत्र काढून वाच. नोकरीत असताना लिहिलेल्या कोडवर कंपनीचा हक्क, असं कलम अनेक ठिकाणी असतं. कंपनीचा लॅपटॉप या कामाला वापरू नकोस आणि गरज वाटली तर एचआरकडून लेखी परवानगी घे.

पहिला अर्ज दिलास की दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नकोस. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठव. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा अर्धवट आलं, तर त्यापुढच्या तीस दिवसांत प्रथम अपील कर, वीस रुपयांचा स्टॅम्प लागतो. अपिलीय अधिकाऱ्याचं नाव आणि पद ग्रामपंचायतीच्या फलकावर असायला हवं. नसेल तर पंचायत समितीत विचार. अपिलाच्या सुनावणीला बोलावलं तर एकटा जाऊ नकोस, आईच्या गटातल्या दोघींना सोबत ने, आणि आत काय झालं ते बाहेर आल्या आल्या लिहून काढ.